शेवटच्या कुपीतले जिवाणू

"मॅडम, काळे ठिपके दिसूनच नाही राह्यले," सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता इंदू म्हणाली.

धनश्री मॅडम धावत आल्या. "नीट बघा, इंदूताई. रंग कमी पडला असेल."

"दोनदा चढवला जी."

सौंसरजवळच्या त्या छोट्याशा प्रयोगशाळेत जनुकं बदलून जिवाणू घडवले जात. संत्र्याच्या चोथ्यावर वाढायचं आणि पोटात तेल साठवायचं, एवढंच त्यांचं काम. त्या तेलावर कधीतरी गाड्या चालणार होत्या. इंदू अकरा वर्षांपूर्वी तिथं झाडू-पोछा करायला लागली. जिवाणू रंगवून त्यांच्यातला तेलाचा काळा थेंब ओळखायला मॅडमनी तिला शिकवलं. पुढं पुढं तर मॅडमच विचारायच्या, "आज कसे आहेत?" आणि इंदू एका नजरेत सांगायची, "भरले हायेत," नाहीतर "उपाशी हायेत."

गेल्या महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळला. तीन दिवस वीज नव्हती, जनरेटरनं दुसऱ्याच दिवशी मान टाकली. फ्रीझरमधल्या, वर्षानुवर्षं जपलेल्या जिवाणूंच्या सगळ्या कुप्यांतला बर्फ वितळला. एकाच कुपीतले जिवाणू तेवढे जगले. तीन आठवडे दोघींनी त्यांनाच वाढवलं होतं.

मॅडमनी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तेल साठवणारे मागं पडले, ताई. ज्यांनी ते ओझं टाकलं, तेच वाढले."

"मंग पुन्हा बनवू ना."

"दोन वर्षं लागतील. कोण थांबणार?"

मॅडमनी कंपनीच्या मुख्य कचेरीला फोन लावला. दहा मिनिटांत निरोप आला : सगळं नष्ट करा, प्रयोगशाळा बंद.

मॅडमनी जिवाणूंच्या ताटल्या उचलल्या, पण पुन्हा टेबलावर ठेवून दिल्या.

"द्या इकडं," इंदू म्हणाली. तिनं सगळ्या ताटल्या पिशवीत बांधल्या, वाफेच्या यंत्रात ठेवल्या आणि झाकण आवळलं. दाबाचा काटा वर चढेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

"यायले मरायले किती वेळ लागते जी?"

इतकी वर्षं तेच यंत्र ती चालवत होती.

"वीस मिनिटं," मॅडम हळूच म्हणाल्या.

दुपारी दोनच्या बसमध्ये रामाकोना गावची ओळखीची मालती भेटली.

"आज लवकर सुट्टी झाली वं, इंदू?"

"हो," इंदू म्हणाली आणि सरकून तिला जागा करून दिली.