तांडेलाचा होका

पाटी, आईच्या मनातली:
जगन्नाथ सागवेकर, तांडेल, यांचा होका. मुलाने दिला.

तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या, आणि होका म्हणजे त्याचं होकायंत्र. लाकडी पेटीत बसवलेली पितळी वाटी, वर काच. पेटीच्या एका कोपऱ्याला गलबतावरच्या चुलीचा काळा चटका. तो होका आईने जुन्या लुगड्यात गुंडाळून, विमानात मांडीवर ठेवून न्यू जर्सीपर्यंत आणला होता. नवऱ्याच्या माघारी तो मुलाकडे असावा म्हणून.

आणि आठ दिवसांतच तिथल्या मराठी मंडळाने जाहीर केलं, की कोकण किनाऱ्यावरच्या एका सागरी संग्रहालयासाठी मदत गोळा करायची आहे. छप्पर गळतंय, जुन्या होड्या उन्हात तडकतायत. संग्रहालयाचे श्रीरंगराव स्वतः येणार आहेत.

"दे त्यांना," आई म्हणाली. "तुझ्या कपाटावर धूळ खात पडण्यापेक्षा तिथे राहील. पाटीवर ह्यांचं नाव येईल. येईल ना?"

"येईल की," प्रताप म्हणाला.

म्हणाला खरं.

*

पिस्कॅटवेतल्या एका शाळेचा कॅफेटेरिया. ऑक्टोबर, शहाऐंशी साल. भिंतीवर थर्मोकोलचं गलबत. गणपतीची आरास करणाऱ्यांनीच केलेलं, त्यामुळे शिडाला चमकी. मागच्या खोलीत कोळीनृत्याची तयारी. डॉक्टरांच्या बायका, इंजिनियरांच्या बायका, त्यांत प्रतापची विनीता.

आईने विनीताकडे एकदाच पाहिलं आणि खाली बसून तिचा काष्टा खसकन ओढून घट्ट केला.

"अशी सैल नेसून कमरेएवढ्या पाण्यात उतरशील कशी?"

"अगंबाई, आजींना झकास येतं!" वीणाकाकू म्हणाल्या. "कुठे शिकलात हो?"

आईने तोंड उघडलं.

"आमच्या शेजारी कोळी होते," दारातून प्रताप म्हणाला.

आईने तोंड मिटलं. विनीता आपल्या पदराला पिन लावत राहिली. लावलेली पिन काढून पुन्हा लावली.

सागवेकर या आडनावात गाव होतं, धंदा नव्हता. आणि वडील 'शिपिंगमध्ये' होते. एवढ्यावर बारा वर्षं निभली होती. कुणी खोदून विचारलं नव्हतं, त्यानेही कधी पूर्ण वाक्य केलं नव्हतं.

*

पाटी, प्रतापने गाडी पार्क करताना जुळवलेली:
जुने होकायंत्र. कोकण किनारा. सागवेकर कुटुंबाकडून.

कुटुंबाकडून. बरं होतं ते. खोटंही नाही आणि

*

नाच संपला. वन्स मोअर झाला. वीणाकाकूंचे बाळकाका माइकवर आले. डॉक्टर, मंडळाचे आणि मंडळाच्या अमेरिकन ट्रस्टचेही अध्यक्ष. देणगी ट्रस्टमार्फत जाणार होती, म्हणजे देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट. वस्तूंची नोंदही ट्रस्टच करणार आणि तीच संग्रहालयाकडे जाणार.

"आमच्या वीणाने पुढच्या जन्मी कोळीण व्हायचं ठरवलंय," बाळकाका म्हणाले. "पण म्हणते, वासाचं काय करायचं ते मात्र ठरत नाहीये!"

हॉल हसला. प्रतापही हसला. त्याला स्वतःचं हसू ऐकू आलं, शेजाऱ्यांपेक्षा वरच्या पट्टीतलं. त्याच क्षणी त्याचं नाव पुकारलं गेलं.

स्टेजवर श्रीरंगरावांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली. "वा! हे वापरातलं दिसतंय. कुणाचं हो?"

"कुठे घबाड मिळालं रे?" बाळकाकांनी माइक त्याच्या तोंडापुढे धरला.

हसू अजून हॉलमध्ये होतं.

"फ्ली मार्केटमध्ये, जुन्या सामानात," प्रताप म्हणाला.

टाळ्या झाल्या. श्रीरंगरावांचा चेहरा जरासा उतरला. "मालकाचं नाव कळलं असतं तर दर्शनी कपाटात ठेवलं असतं. बिननावाच्या वस्तू आमच्याकडे खूप आहेत, त्या कोठीत जातात." मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. ते पेटी घेऊन खाली उतरले. "मावशी, तुम्ही कोकणातल्या. अशी पेटी कुणाकडे पाहिलीत कधी?"

आईचा हात आपसूक चटक्याच्या कोपऱ्यावर गेला. अंगठा तिथे नेमका बसला. तिने वर, स्टेजकडे पाहिलं.

प्रतापने थर्मोकोलच्या गलबताकडे पाहिलं.

"नाही हो," आई म्हणाली. "आमच्याकडे कुठलं असं?"

*

पाटी, ट्रस्टच्या नोंदीप्रमाणे:
होकायंत्र. मालक अज्ञात. देणगीदार: श्री. प्रताप सागवेकर, न्यू जर्सी, अमेरिका.

*

दुसऱ्या दिवशी श्रीरंगरावांना नेवार्क विमानतळावर सोडायला प्रताप गेला. आईही निघाली. पेटी श्रीरंगरावांच्या मांडीवर होती, आईने आणली तशीच.

ते आत गेले. काचेपलीकडे पेटी पट्ट्यावर सरकली आणि दिसेनाशी झाली.

प्रताप पब्लिक फोनपाशी गेला. खिशात पंचवीस सेंटचं एकच नाणं होतं.

"बाळकाका, तो होका. नोंद बदलायला हवी."

"काय रे, परत हवाय? आता नाही हं!"

"तो माझ्या वडिलांचा होता. जगन्नाथ सागवेकर. ते तांडेल होते. गलबतावर."

प्रतापने डोळे मिटून घेतले.

"अरे गाढवा, मग काल सांगायचंस ना! काय अपील झालं असतं यार! तांडेलाचा मुलगा, अमेरिकेत इंजिनियर! आईंना स्टेजवर बोलावलं असतं. थांब, न्यूजलेटरमध्ये फोटोसकट टाकतो. नोंद आजच बदलतो, काळजी करू नकोस."

म्हणजे एवढंच होतं. बारा वर्षं ज्याला घाबरला ते एवढंच. आणि फोटोसकट म्हटल्यावर त्याला बरं वाटलं होतं. फार नाही. पण वाटलं होतं.

फोन ठेवून तो वळला. आई खांबाशी उभी होती.

"कोणाशी बोललास?"

"बाळकाकांशी. बाबांचं नाव सांगितलं. पाटीवर येईल आता. दर्शनी कपाटात."

त्याला वाटलं, ती हसेल.

"आणि मी?" आई म्हणाली.

"तुझं काय?"

"काल चारचौघांत मी नाही म्हटलं. आता सगळ्यांना कळणार, होका ह्यांचा. मग म्हणतील, ही कसली बायको, नवऱ्याची वस्तू ओळखली नाही हिने." तिने पदर खांद्यावरून नीट घेतला. "की म्हणतील, ओळखली आणि लाजली."

लाजला होता प्रताप. आणि ते तिच्या नावावर जाणार होतं. काल माइकवर तो फ्ली मार्केट म्हणाला त्याबद्दल बाळकाकांनी विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं. तेवढी जागा त्याने अजूनही मोकळीच ठेवली होती.

"चल घरी," आई म्हणाली. "विनीता वाट बघत असेल."

"थांब."

खिसे चाचपले. नाणं नव्हतं. समोर वर्तमानपत्रांचं दुकान होतं. एका डॉलरचे सुटे मागायला तो रांगेत उभा राहिला, आणि पहिलं वाक्य कसं सुरू करायचं ते जुळवू लागला. आई माझ्यासाठी खोटं बोलली. नाही. मी आईला

रांग पुढे सरकली.