निघण्याआधी पोचलेलं यान

विष्णू केळुसकरांनी पाच कादंबऱ्यांत मिळून एकशे दहा वर्षांचं भविष्य लिहिलं, आणि ते लिहिताना कॅलेंडर म्हणून एकदाही उघडलं नाही. राजधानीत केंद्राच्या मंत्रालयातली नोकरी सांभाळून, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बसून लिहिलेली ही 'अगस्ती' यानाची मालिका बरी खपली होती. आता शहाण्णव साली पुण्याचे प्रकाशक ती नव्याने काढणार होते. त्यांची अट एकच होती: पाचही भागांतला काळ एकमेकांशी जुळवून द्या, हल्लीची मुलं कॉम्प्युटरवर बसतात, चूक लगेच पकडतात.

नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये केळुसकर लाल पेन घेऊन बसले. पहिल्या भागात यान मे २०४१ मध्ये निघत होतं आणि दुसऱ्या भागात फेब्रुवारी २०४१ मध्ये शनीजवळ पोचत होतं. म्हणजे निघायच्या तीन महिने आधीच. अशा अकरा जागा निघाल्या. चूक कुठून आली हे सांगायला ज्योतिषी नको होता. तीस वर्षं सरकारी फायली उपसलेल्या माणसाचं वर्ष एप्रिलला लागतं आणि मार्चला संपतं. त्याच्या लेखी मे आणि पुढचा फेब्रुवारी एकाच वर्षातले.

"दुरुस्त करा की मग," त्यांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणाल्या. "त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?"

झालं होतं ते बारा वर्षांपूर्वी. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात केळुसकरांचं व्याख्यान होतं. शेवटी अंबादास उभा राहिला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात तो रिसेप्शनवर असे, आणि त्याने पाचही भाग दोनदोनदा वाचले होते. त्याने हात जोडून विचारलं, "सर, यान निघायच्या आधी पोचलं कसं?" केळुसकरांना चूक त्याच क्षणी दिसली. हो म्हणायला दोन सेकंद पुरले असते. पण समोर दोनशे माणसं होती, पहिल्या रांगेत जॉइंट सेक्रेटरी होते. ते म्हणाले, "अंबादास, तुम्ही पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहा. कल्पनाशक्तीला रजिस्टर नसतं." सगळा हॉल हसला. अंबादासही ओशाळा हसला आणि खाली बसला. त्याच्या मांडीवर त्याची सात वर्षांची मुलगी होती.

प्रश्न विचारतानाच अंबादास म्हणाला होता की त्याच्याकडे अशा चुकांची सगळी यादी आहे. केळुसकरांनी स्वतःला बजावलं, आपण यादीसाठीच चाललोय, बारावी चूक राहायला नको. माफी जमली तर मागू. माणूस स्वतःलाही किती बनवतो बघा.

अतिथिगृहाच्या काउंटरवर अंबादासच होता, केस पांढरे झालेले. केळुसकरांना पाहून तो धडपडत उठला, चहा मागवला आणि कामाचं ऐकताच खणातून एक तक्ता काढला. आलेखाच्या कागदावर चार रंगांत एकशे दहा वर्षं मांडलेली.

"यादी फाडली मी, सर. चूक माझीच होती," तो म्हणाला. "घरी जाऊन पुन्हा वाचलं. तुमच्यासारखा माणूस अशी चूक करेल कशी? तीन वर्षं लागली, मग कळलं. अगस्तीवरचं वर्ष एप्रिलला सुरू होतं! तसं धरलं की सगळं बिल्कुल बसतं. कृतिकाने तेव्हा विचारलं होतं, बाबा, सगळे का हसले? तिला सांगितलं, सर बरोबर आहेत, मीच नीट वाचलं नाही."

केळुसकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिलं असतं तर सगळंच निभावलं असतं. दुरुस्ती नको, कबुली नको, उलट नव्या आवृत्तीत दोन ओळींचा खुलासा टाकला की वाचकांनी पाठ थोपटली असती. त्यांनी तक्त्यावर हात ठेवला. रेघा इतक्या सरळ होत्या की त्यांना तिकडे बघवेना.

"अंबादास, ती चूकच होती," ते म्हणाले. "ऑफिसची सवय, दुसरं काही नाही. तुमचं बरोबर होतं. मला माफ करा."

अंबादासने मान हलवली. त्याला वाईट वाटलेलं दिसेना, उलट तोच समजूत घालायला लागला. "असू द्या हो सर. लिहिताना होतं असं. तुम्हाला आत्ता कळलं ना, वाचताना?"

पुन्हा एकदा वाट मोकळी होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," केळुसकर म्हणाले. "तुम्ही विचारलंत, तेव्हाच कळलं होतं."

 अंबादासने तक्ता फिरवून केळुसकरांकडे सरकवला, आणि रोज येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायच्या आवाजात विचारलं, "ऑटो मागवू का, साहेब?"