पुष्पाबाईचे पावणे

सुमनबाईला कुठंतरी फिरवून आणावं, असं बाबुलालच्या मनात पहिल्यांदा आलं ते त्याची आई गेल्यावर. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघं मिळून बाहेर पडले ते सोयऱ्यांच्या लग्नाला, नाहीतर दीक्षाभूमीवर. निव्वळ हिंडायला म्हणून कधीच नाही.

बाबुलाल रामटेके जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर होता. दोन खोल्यांचं क्वार्टर, एकच मुलगी, तीही लग्न होऊन बल्लारशाला गेलेली. म्हातारीला अर्धांगवायू झाला आणि समोरच्या खोलीत तिची खाट पडली, ती चार वर्षं तिथंच राहिली. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, धुणंपुसणं सगळं सुमनबाईनं केलं. श्रावणात म्हातारी गेली. त्यानंतरही सुमनबाई झुंजुमुंजू व्हायच्या आत उठायची आणि तिच्या अंगाला पुसायचं पाणी तापवायची. पाणी उकळलं की तिच्या लक्षात यायचं. मग ती तशीच स्टोव्हपाशी बसून राहायची. रडायची नाही, बोलायचीही नाही.

फॅक्टरीतल्या एकानं पिंपळबोडीचं नाव सुचवलं. मोठा तलाव, थंडीत परदेशातली बदकं येतात, आणि त्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागूनच कृष्णराव नावाच्या एका ठेकेदारानं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. "मी निरोप धाडतो. फॅक्टरीतले बाबुलालजी येऊन राहिले म्हणून सांगतो," तो म्हणाला. एक्याऐंशी सालची दिवाळी उलटली होती. बाबुलालनं सुट्टी टाकली.

साकोलीहून दुसरी बस धरून ते पिंपळबोडीला उतरले, तेव्हा दोन्ही अंगांना धानाची कापणी चालू होती. कृष्णरावच्या घराला निळ्या खिडक्या होत्या आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. स्वतः कृष्णराव फाटकापर्यंत सामोरा आला. गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस. त्यानं कपबशीतून चहा दिला, तलावाकडची खोली उघडून दिली. सुमनबाई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"अजी, केवढं पानी हाये हे!" ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिनं आपण होऊन काहीतरी दाखवलं होतं. बाबुलालला वाटलं, आलो ते बरं झालं.

तो व्हरांड्यात परत आला तेव्हा कृष्णरावनं विचारलं, "मूळचे कुठले जी तुम्ही?"

"शहापूर. अन् हिचं माहेर दिघोरीचं."

"शहापूरले आमचे सोयरे आहेत ना! आडनाव काय म्हणालात?"

आतापर्यंत ते कुणी विचारलं नव्हतं. "रामटेके."

"हां," कृष्णराव म्हणाला. कप खाली ठेवून पुन्हा म्हणाला, "हां, हां. बरं." आवाज तसाच गोड होता. थोड्या वेळानं तो आत जाऊन आला आणि कपाळावर हात मारत म्हणाला, "माझ्याकडून घोळ झाला पाहा. ती खोली नागपूरच्या डॉक्टरांसाठी ठेवली आहे. तुमची व्यवस्था मागं करतो. तीही चांगली आहे."

मागच्या खोलीत सिमेंटच्या गोण्या होत्या आणि मोडकी सायकल. खिडकी गोठ्याकडे उघडत होती. सुमनबाईनं पदर खोचला, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि खोली झाडून काढली. मग हातपाय धुवायला विहिरीवर गेली. तिनं बालटीला हात लावला, तोच कृष्णराव लांबूनच ओरडला, "बाई, राहू द्या! आमची सीताबाई काढून देईल. तुम्ही हात नका लावू."

"काहून?" सुमनबाईनं विचारलं.

"अहो, पाहुण्यांना कशाला तसदी?"

पण शेजारीच एक पाहुणी बाई स्वतः पाणी ओढून तोंड धूत होती.

रात्रीचं जेवण मागच्या ओट्यावर पत्रावळीवर आलं. सीताबाईनं ते ठेवलं आणि मान खाली घालून ती गेली. खोली बदलली तेव्हाच बाबुलालनं सगळं ओळखलं होतं. लहानपणी गावात त्यानं हे भरपूर पाहिलं होतं. पण दोन दिवसांचा तर प्रश्न, असं त्यानं स्वतःला सांगितलं. इतक्या वर्षांत बायकोला पहिल्यांदा आणलं, आता भांडण कशाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नागपूरचे डॉक्टर आले नाहीत. तलावाकडची खोली रिकामीच होती, तिचा पडदा वाऱ्यानं खिडकीबाहेर येऊन फडफडत होता. सुमनबाई येता-जाता तो पाहत होती. आत टेबलावर स्टीलची ताटं मांडून बाकीचे पाहुणे जेवायला बसले आणि मागच्या ओट्यावर पुन्हा पत्रावळी आल्या.

सुमनबाई उठली. तिनं आपली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, आत नेली आणि टेबलावर कृष्णरावच्या समोर ठेवली. कोणाचा घास हातात, कोणाचा तोंडात राहिला.

"आमी पत्रावळीवर काहून जेवून राहिलो, ते सांगा," ती म्हणाली.

"बाई, ताटं जरा कमी पडली…"

"ताटं त्या मांडणीवर हायेत. मले दिसून राहिले. खोली रिकामी हाये, तेही दिसून राहिलं. तुमी तोंडानं सांगा. मी आयकाले उभी हावो."

कृष्णराव हसल्यासारखं करून पाहुण्यांकडे पाहू लागला. पाहुणे ताटात पाहत होते. सुमनबाई बराच वेळ तशीच उभी राहिली. तेवढ्यात मागून बाबुलाल आला. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात बिछान्याची वळकटी.

"चल सुमन," तो म्हणाला.

फाटकाबाहेर आल्यावर सुमनबाईनं वळकटी आपल्या काखेत घेतली. पाळीवरून चालताना बाबुलाल म्हणाला, "माहं चुकलं. कालच उठाले पायजे होतं."

"तुमचं काय चुकलं? त्याचं चुकलं," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सामान घेऊन आले, ते बरं केलं तुमी."

साकोलीची बस सकाळीच निघून गेली होती. आता दुसऱ्या दिवशीच. पाळीच्या टोकाला ढिवरांची चार-सहा घरं होती. एका घरासमोर एक माणूस जाळं सांधत होता आणि त्याची बायको हिरव्या शिंगाड्यांच्या ढिगाशी बसली होती. ती पुष्पाबाई, तो केवळराम. तलावातले मासे आणि शिंगाडे यांवर त्यांचं घर चालत होतं.

ट्रंक पाहून पुष्पाबाईनं हाक मारली, "कुठले पावणे जी? उन्हात कुठं निंघाले?"

सुमनबाईच्या अंगातला संताप अजून उतरला नव्हता. ती तिथंच थांबली. "आमी बौद्ध हावो. आधीच सांगून देतो."

पुष्पाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. "मी ते कुठं इचारलं वो बाई? जेवले का नाही, ते सांगा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, तेव्हा काय समजायचं ते ती समजली. कृष्णरावचं घर तिथून दिसतच होतं. तिनं हात झटकले आणि चुलीकडे जायला निघाली. केवळराम मात्र जाळं मांडीवर तसंच धरून बसला होता.

"पुष्पे," तो हलक्या आवाजात म्हणाला, "गावात बोलतीन लोक."

बाबुलालनं ते ऐकलं. "तुमाले तरास नको भाऊ," तो म्हणाला. "आमी बसस्टॉपवर बसतो. सकाळी जाऊ."

केवळराम ओशाळला. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सुमनबाईच्या तोंडाकडे. मग तो उठला, बाबुलालच्या हातातली ट्रंक त्यानं घेतली आणि घरात नेऊन ठेवली.

त्या दुपारी भात आणि झिंग्यांचा रस्सा झाला. जर्मनच्या चार ताटल्या होत्या, चारही सारख्याच पोचे आलेल्या. चौघं एका ओळीत जेवले. पहिलाच घास गिळताना बाबुलालला इतकं भरून आलं की पुष्पाबाईनं तिखट जास्त झालं का म्हणून विचारलं. त्यानं हो म्हटलं आणि पाणी मागून घेतलं.

सकाळची बस त्यांनी धरली नाही. पुष्पाबाईनं धरू दिली नाही. "तलाव पाहाले आले ना? मंग पाहून जा," ती म्हणाली. केवळरामनं आपला डोंगा सोडला. लाकूड कोरून केलेली ती अरुंद होडी हलली की बाबुलाल दोन्ही काठ घट्ट धरायचा आणि बायका त्याला हसायच्या. मधल्या पाण्यात बदकांचे थवेच्या थवे बसले होते. डोंगा जवळ गेला की ते एकदम उठायचे, वर एक फेरा घ्यायचे आणि पलीकडे जाऊन उतरायचे. सुमनबाई प्रत्येक वेळी मान वर करून ते शेवटपर्यंत पाहायची.

शिंगाड्याच्या वेलींपाशी पुष्पाबाई वेल उलटून फळं तोडायला लागली. सुमनबाईनंही हात घातला. दिघोरीला लहानपणी ती आईबरोबर धानाच्या बांधीत राबली होती, पाण्या-चिखलाची तिला सवय होती. तोडता तोडता ती आपोआप बोलायला लागली. सासूला कुशीवर कसं वळवायची, शेवटी शेवटी म्हातारीला फक्त सुमनबाईचंच नाव कसं आठवत होतं, आणि आता सकाळी पाणी तापवल्यावर पुढं काय करायचं ते कसं सुचत नाही. बोलता बोलता ती रडायला लागली. पुष्पाबाईनं तिला उगी राहा म्हटलं नाही. एक शिंगाडा सोलून तिच्या हातात दिला, मग दुसरा सोलला. केवळराम डोंगा तसाच उभा ठेवून दुसरीकडे पाहत राहिला.

श्रावणापासून सुमनबाई रडली नव्हती. बाबुलाल पाठमोरा बसला होता. त्यानं वळून पाहिलं नाही, पण या दोन माणसांचे उपकार आपल्यावर किती झाले, ते त्याला त्या क्षणी कळलं.

गावात लोक बोललेच. संध्याकाळी एक शेजारी दारात येऊन म्हणाला, "केवळराम, कोनाले घरात घेऊन बसला रे तू?"

पुष्पाबाई उत्तर द्यायला उठली, पण त्याआधीच केवळराम म्हणाला, "माहे पावणे हायेत. तू बसतं का जेवाले? नाही बसत तं जाय."

शेजारी गेला. पुढं काही महिने त्यांच्या घरी दोन-तीन घरांनी येणं-जाणं बंद ठेवलं, हे बाबुलालला फार उशिरा कळलं. तेही केवळरामनं सांगितलं नाही, पुष्पाबाईच्या तोंडून सहज निघून गेलं.

तीन दिवस राहून ते परतले. तेव्हापासून थंडीत पिंपळबोडीला जायचं, ते केवळरामच्या घरी, हे ठरूनच गेलं. कृष्णरावच्या निळ्या खिडक्या पाळीवरून दिसायच्या. सुमनबाईनं त्या घराची चौकशी कधी केली नाही.

पंच्याऐंशीत केवळरामच्या पोटाचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. टाके सुकेपर्यंत नवरा-बायको दोघंही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहिले. समोरच्या खोलीत पुन्हा खाट पडली आणि सुमनबाई पुन्हा पहाटे उठून पाणी तापवू लागली. एकदा बाबुलाल पुष्पाबाईला म्हणाला, "वयनी, तुमी त्या दिवशी हाक मारली नसती, तं आमी काय केलं असतं, याचा मी लय इचार करतो."

"बसस्टॉपवर बसले असते," पुष्पाबाई म्हणाली. "अन् मी तिथं भात घेऊन आली असती. एवढा काय इचार करता?"

जायच्या दिवशी बाबुलाल फॅक्टरीच्या बसनं घरी आला, तेव्हा ओट्यावर पाहुण्यांच्या पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. त्यांच्याजवळ आपल्या घरची ट्रंकही होती. सुमनबाई नवं लुगडं नेसून तयार बसली होती.

"मी जाऊन येतो यांच्या संग," ती म्हणाली. "शिंगाडे तोडाचे हायेत अन् केवळरामभाऊले अजून वाकता येत नाही. पुष्पा एकटी किती करन? आठ-पंधरा दिवस लागतीन. तुमाले भात लावता येते ना?"

"येते," बाबुलाल म्हणाला. त्याला येत नव्हता. त्यानं ट्रंक उचलली आणि तिघांना बसपर्यंत पोचवायला निघाला.