ढिली दांडी

नदीच्या एका काठावर गिरणीचं गाव, दुसऱ्या काठावर बाजाराचं गाव आणि मधे तो लोखंडी पूल. त्रिकोणाला त्रिकोण जोडून उभा केलेला, मधोमध एका दगडी खांबावर टेकलेला. पुलाने दोन गावं जोडली असं शाळेत शिकवतात. खरं सांगायचं तर पुलाने त्यांना भांडायला विषय दिला. नावेतून ये-जा होती तोवर भांडायला फुरसत कोणाला होती?

विषय म्हणजे एक दांडी. पुलाला दांड्या शेकड्याने, पण दगड मारला की बाकीच्या खणखणत आणि बाजाराच्या टोकाजवळची ही एकच तिरकी दांडी खुळखुळे. बाजाराच्या गावातली पोरं शाळा सुटली की तिच्यावर नेम धरत आणि बोंबलत:

लोहारबुवा, लोहारबुवा, दांडी तुमची ढिली!
एवढा मोठा पूल बांधला, अक्कल कुठे गेली?

झालं होतं असं, की पूल जोडताना एक दांडी साखळीतून निसटून नदीत गेली. कारखाना लांब, उद्घाटन तोंडावर आलेलं. तेव्हा गिरणीच्या गावातल्या लोहाराने आपल्या भट्टीत नवी दांडी घडवली आणि स्वतः बसवली. गिरणीचं गाव म्हणे, आमच्या लोहाराने लाज राखली. बाजाराचं गाव म्हणे, राखली कसली, मापात चुकला की!

आपल्या गोष्टीतली सूनबाई मूळची त्या दगड मारणाऱ्यांतलीच. फरक इतकाच, की दगड मारून झाला की ती विचारायची, "पण ढिली आहे तर पूल पडत का नाही?" मास्तर म्हणाले, खाली बस. वडील म्हणाले, जेव गुपचूप. धाकट्या भावाने तिचं नावच 'चौकशीची खिडकी' ठेवलं. आणि नशीब असं, की मोठी झाल्यावर तिचं लग्न ठरलं ते त्याच लोहाराच्या पणतवाशी. भाऊ पोट धरधरून हसला. "ताई, आख्खं गाव सोडून नेमकी ढिल्यांच्या घरात पडलीस!"

लोहाराची भट्टी केव्हाच विझली होती. तिथे आता चष्म्याचं दुकान होतं. नवरा डोळे तपासायचा आणि ही फ्रेमा बसवायची, बारीक स्क्रू पिळायची. सासरे जन्मभर लेथवर काम करून घरी बसलेले, पण संध्याकाळ झाली की खिशात छोटी हातोडी टाकून पूल ओलांडत आणि त्या दांडीवर एक टोला मारून परत येत. अलीकडे त्यांना ऐकू कमी येई. त्यांच्या मते कान ठणठणीत होते, लोकच हळू बोलायला लागले होते. म्हणून सूनबाई सोबत जाऊ लागली. ते टोला मारत आणि तिच्या तोंडाकडे बघत. ती मान डोलावून 'ढिली' म्हणे, की स्वारी खूश.

"बाबा, रोज वाजवायची कशाला?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"माझ्या आजोबांनी सांगून ठेवलंय. ढिलीच राहू दे, रोज वाजवून बघ. खणखणीत बोलली तर पूल बंद कर."

"का पण?"

"ते नाही सांगितलं. मीही नाही विचारलं."

माणूस एवढं आयुष्य न विचारता कसं काढतो, हेच तिला कळेना. तिला त्यांची कीवच आली.

त्या वर्षी पुलाचा मोठा वाढदिवस होता. गिरणीच्या गावाला वाटलं, पाहुण्यांसमोर खुळखुळाट नको. पूल तपासायला आलेल्या इंजिनिअर बाईंना त्यांनी गळ घातली, तेवढी दांडी आवळून द्या. बाई तरुण, हुशार आणि घाईत होत्या. म्हणाल्या, "पूल रिकामा असताना या दांडीवर भारच नसतो. जड गाडी एका बाजूला आली की जराशी ताणते, एवढंच. रंगकाम निघेल तेव्हा आवळून टाकू."

सासऱ्यांच्या पानातली भाकरी तशीच राहिली. "भारच नाही म्हणतात," ते पुटपुटले. "म्हणजे आजोबा चुकलेच होते का गं?"

लहानपणी मारलेला एकेक दगड सूनबाईला आठवला आणि फार वाईट वाटलं. पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना. भार नाही, तर बसवली कशाला? आणि बसवली, तर ढिली का?

मग नदीला पूर आला. पाणी ओसरून वाहतूक सुरू झाली, त्या संध्याकाळी दोघं पुलावर गेली. पुलावर चिटपाखरू नव्हतं. सासऱ्यांनी टोला मारला.

टण्ण.

ते सवयीने तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिची मान काही डोलली नाही.

तिला आधी वाटलं, कोणीतरी आगाऊपणा करून आवळली. ती वाकून नट बघू लागली. स्क्रू फिरवला की त्याच्या कडेचा रंग तडकतो, हे तिचं रोजचं काम. इथे नटावरून दांडीवर आलेला जुना रंग शाबूत होता, केसाएवढी चीर नव्हती. नटाला कोणी हात लावला नव्हता. दांडी आपोआप ताणली होती.

"बाबा, बोलली."

"काय?"

"बोलली! दांडी बोलली!"

तीन पिढ्यांत हे कोणी ऐकलं नव्हतं. म्हातारा रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

तेवढ्यात बाजाराच्या बाजूने गच्च भरलेली बस पुलावर चढली आणि करकचून थांबली. ड्रायव्हरच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं ते सूनबाईच्या भावाचंच.

"ताई, म्हाताऱ्याला बाजूला घे. पुरामुळे आधीच माणसं अडकलीत, मला शिव्या घालतायत."

"दांडी ताणलीये. पूल बंद करायचाय."

"ढिल्यांची दांडी ताणली? अगं, सूर्य कुठे उगवला आज?"

"खाली उतर आणि दगड मार," ती म्हणाली. "लहानपणी मारायचास तसा."

भाऊ कुरकुरत उतरला. गाणं गुणगुणतच त्याने खडा उचलला. नेम अजून तसाच होता. टण्ण झालं आणि गाणं तोंडातच राहिलं. त्याने दुसरा खडा मारला. पुन्हा तेच. दहा जणांनी दहा कारणं सांगितली असती तरी त्याला पटली नसती, पण दांडीचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, आणि तो हा नव्हता.

त्याने बस मागे घेतली आणि पुलाच्या तोंडाशी आडवी लावली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न, आरडाओरडा, ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार. तो टपावर चढून ओरडला, "ज्याने ज्याने लहानपणी तिला दगड मारलाय, त्याने येऊन परत मारून बघा!" दुकानदार आले, शिंपी आला, शाळेच्या मुख्याध्यापक बाई पर्स सावरत आल्या. एकेकाने दगड मारला आणि एकेक जण मागच्यांना 'परत फिरा' सांगत गेला. सासरे गिरणीच्या टोकाला जाऊन तसेच हात पसरून उभे राहिले.

सकाळी इंजिनिअर बाई आल्या त्या तणतणतच. पूल काय दगड मारून बंद करतात? त्यांनी दांडी वाजवली आणि विचारलं, "कोणी आवळली?" सूनबाईने नटावरचा रंग दाखवला. बाई कठड्यावरून वाकून मधल्या खांबाकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी पाणबुड्यांना बोलावणं धाडलं.

पुराने खांबाखालची वाळू ओढून नेली होती. खांब बोटभर खचला होता. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसलं नसतं.

"पूल तीन ठिकाणी टेकलाय," बाई म्हणाल्या. आता त्यांची घाई गेली होती, डोळे चमकत होते. "मधला टेकू खचला की भार आपली वाट बदलतो. जिच्यावर नव्हता, तिच्यावर आला. आणि मी ती आवळणार होते! आवळली असती तर ती कायमच खणखणली असती. काल काही कळलंच नसतं."

सासरे कानाला हात लावून ऐकत होते. "मॅडम, एकच सांगा. आजोबांनी मुद्दाम ढिली ठेवली, की चुकले?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "ते मला कसं कळणार, काका?"

"मला कळलंय," सूनबाई म्हणाली आणि त्यांच्या कानाशी वाकली. "चुकले असते तर झाकून ठेवलं असतं, बाबा. स्वतःची चूक रोज हातोडी मारून गावाला कोण ऐकवतं?"

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि पूर्ण नाक शिंकरेपर्यंत कोणाकडे बघितलं नाही.

खांबाखाली काँक्रीट भरलं, जॅक लावून पूल पुन्हा होता तिथे उचलला. पूल उघडायच्या दिवशी दोन्ही टोकांना गावं लोटली होती. वाढदिवस कोणाच्या लक्षातही राहिला नव्हता. सासरे एकटेच पुढे झाले, टोला मारला आणि सूनबाईच्या तोंडाकडे बघितलं.

तिने मान डोलावली. एवढ्याने भागेना, म्हणून ओरडली, "ढिली!"

"काय?"

"ढिली आहे, बाबा! ढिली!"

बसच्या टपावरून भावाने सूर लावला आणि बाजाराचं गाव एका आवाजात गर्जलं: लोहारबुवा, लोहारबुवा, दांडी तुमची ढिली! दुसरी ओळ कोणी म्हटली नाही.

एवढा कल्लोळ सासऱ्यांनाही ऐकू आला. ते हसले, हातोडी रुमालाने पुसली आणि सूनबाईच्या हातात ठेवली.

"उद्यापासून तूच वाजव," ते म्हणाले. "हल्ली ही दांडीसुद्धा फार हळू बोलते."