एका हाताने उचलता येईल असा

दुकानदाराने तिसरा अँप्लिफायर टेबलावर ठेवला, तेव्हा तो कसा वाजतो हे विचारण्याआधी तिने तो एका हाताने उचलून पाहिला. दाराशी जाऊन परत आली आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली. हा चालेल.

जुना अँप्लिफायर दोघांनी दोन बाजूंनी धरून न्यायचा असे. बावीस वर्षं तो तसाच जिने चढला-उतरला होता, आणि प्रत्येक जिन्यावर दोघांचं एकदा तरी वाजलं होतं. आता नवऱ्याच्या एका हातात गिटारची पेटी असणार, म्हणजे उरलेल्या हाताला झेपेल असाच हवा. कार्यक्रमाला ती बरोबर जाणार नव्हती. तिथे तिचं काही काम नव्हतं.

हलका हवा, खिशाला परवडणारा हवा आणि मोठ्या आवाजात फाटणाराही नको, हे ऐकून दुकानदार मनापासून हसला होता. या तिन्ही गोष्टी एका डब्यात मिळाल्या तर विकायला कशाला ठेवीन, मीच घरी नेईन, असं म्हणाला. माणूस बोलका होता. ती बोलायची तेव्हा मात्र त्याला कान पुढे करावा लागे. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिच्याकडे आवाज म्हणून जे उरलं होतं, ते शेजारच्या माणसापर्यंतही जेमतेम पोचायचं.

नवरा आपल्या गिटारपुढे स्टुलावर बसला. पेडल स्टील गिटार म्हणजे काही गळ्यात अडकवायची गिटार नव्हे. ती टेबलासारखी चार पायांवर उभी राहते. वाजवणारा डाव्या हातातला लोखंडी दांडा तारांवरून सरकवतो आणि खाली दोन्ही पायांनी पेडलं दाबत राहतो. शिवणयंत्रावर बसलेला शिंपी, असं ती पूर्वी त्याला चिडवायची. या गिटारचे स्वर लांबत जातात, आणि अँप्लिफायर लेचापेचा असला तर नेमकी त्या लांबलेल्या स्वरालाच धाप लागते.

ती सवयीने दुकानाच्या पार टोकाला, ढोलांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट कळत नाही. कुठेही कार्यक्रम असो, आधी ती मागच्या भिंतीशी जाऊन ऐकायची, बोटाने कमी-जास्त सांगायची आणि मगच गायला माइकसमोर उभी राहायची.

परवा रविवार. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी दोन तास, नुसती गिटार, गाणं नको. आठ महिन्यांत त्याने चार कामं नाकारली होती. तुला बरं वाटलं की बघू, असं दर वेळी म्हणाला होता, जणू तिला सर्दी झाली होती. हे पाचवं काम तिने त्याच्या फोनवरून परस्पर स्वीकारलं. त्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, की हेही जमलं नाही तर गिटार विकून टाकू. घ्यायला माणूस तयार होता, घरी येऊन बघूनही गेला होता.

पहिला अँप्लिफायर पांघरुणातून बोलल्यासारखा वाजला होता. दुसऱ्याची घरघर थांबत नव्हती. आता या तिसऱ्यावर नवऱ्याने एक छोटी, वळणाची सुरावट वाजवली आणि थांबला. थोड्या वेळाने दुसरी वाजवली. पुन्हा थांबला.

दुकानदाराने वायर हलवून पाहिली. तिसऱ्यांदा आवाज बंद पडला तेव्हा त्याने वायर बदलली. सॉकेटमध्ये फुंकर मारली. माल नवाकोरा आहे, कालच खोक्यातून काढला, असं तो शपथेवर सांगत राहिला. आपण थांबतोय हे नवऱ्याच्या गावीही नव्हतं.

चौथ्या वेळी तिच्या लक्षात आलं. त्या गप्प वेळात तिने मनात आपल्या गाण्याची एक ओळ म्हणून पाहिली. ती चपखल बसली.

तो नुसती उत्तरं वाजवत होता. बावीस वर्षं ती ओळ गायची, तेव्हा तो आवाजाच्या पेडलवरचा पाय सैल ठेवायचा. तिची ओळ संपली की त्याचं उत्तर यायचं. आताही तो तेच करत होता. उत्तर द्यायचं, आणि तिची ओळ होईपर्यंत थांबायचं. रविवारी जेवणारी माणसंही त्या दुकानदारासारखी वायरकडे बघत राहिली असती.

आता रडू येईल असं तिला वाटलं. ती वाट बघत उभी राहिली, पण काही आलं नाही. आठ महिने हे असंच होतं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशीसुद्धा तिने घरी येऊन कपाट आवरलं होतं.

ती त्याच्याजवळ गेली.

"मधलंही वाजवा."

"मधलं काय?"

"मी गायचे ते."

त्याने हातातल्या दांड्याकडे पाहिलं.

"ते मला येत नाही."

"बावीस वर्षं ऐकलंत की."

"ऐकलंय. वाजवलं कुठे? तू होतीस ना."

तिने वाकून अँप्लिफायरचा आवाज इतका कमी केला, की तिची कुजबुज त्याच्याबरोबर ऐकू यावी. मग ती एकेक शब्द सांगत गेली. सूर तिच्यापाशी नव्हता, म्हणून हाताने वर-खाली दाखवत होती. पहिल्यांदा तो जिथे खाली उतरला तिथे ती वर जायची; तिने त्याचं मनगट धरून दांडा उजवीकडे ढकलला. दुसऱ्यांदा त्याने घाई केली. तिने पुन्हा करायला लावलं. परक्या कुणाचं गाणं बसवून घ्यावं तशी ती शिकवत होती, कौतुक नाही की दयामाया नाही. पाचव्यांदा ओळ आली. मग दुसरीही आली.

तिने आवाज वाढवला आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिली.

त्याने तिची ओळ वाजवली, मग आपलं उत्तर. तिची ओळ, आपलं उत्तर. स्वर लांबले, पण फाटले नाहीत. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर एक जागा होती, तिथे तिला श्वास घ्यावाच लागायचा. तरुणपणीही लागायचा, ती ओळ एका दमात म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं. तो तिथे आला आणि सरळ पुढे निघून गेला. गिटारला श्वास लागत नाही.

तिने मात्र घेतला. तिला त्याचा राग आला. सगळ्या अंगभर, भांडावंसं वाटण्याइतका राग. किती दिवसांनी काही वाटत होतं, आणि ते हे होतं.

"बघा ताई, आता कुठ्ठे तुटत नाही," दुकानदार खुशीत म्हणाला. "मग, काय करायचं?"

"हाच द्या," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही. नवरा अजून वाजवतच होता. तिने आवाज कमी करायला सांगितलं नाही, ढोलांमधून वाट काढत ती दुकानदाराजवळ गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि पुन्हा म्हणाली, "हाच द्या."