स्टोअरवाल्याची शिट्टी

दातांच्या मापात ओतलेलं प्लास्टर घट्ट व्हायला चाळीस मिनिटं लागतात. तिच्या सगळ्या गोष्टी त्या चाळीस मिनिटांतल्या. सतरा वर्षं ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. डॉक्टरांकडून माप, म्हणजे पेशंटच्या दातांचा ठसा, आला की त्यात प्लास्टर ओतायचं, हात धुवायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि फोनवर अंगठ्याने लिहायला लागायचं. साचा तयार झाला की वाक्य अर्धवट असलं तरी तिथेच सोडायचं. दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या वाक्यापासून सुरुवात. लेखनाच्या शिस्तीबद्दल लोक मोठमोठी पुस्तकं लिहितात म्हणे. तिची शिस्त प्लास्टरने लावली होती.

लिहायची काय, तर फॅन फिक्शन. म्हणजे दुसऱ्याने जन्माला घातलेली पात्रं उचलायची आणि त्यांचे संसार आपण चालवायचे. टीव्हीवर एका हॉटेलच्या मालकीवरून भांडणाऱ्या कुटुंबाची मालिका चार वर्षं चालली होती. त्या मालिकेच्या चाहत्यांची एक साइट होती आणि त्या साइटवर शे-दीडशे रिकामटेकडे, हा तिच्या नवऱ्याचा शब्द, गोष्टी लिहायचे. बाकीचे देखण्या नायकावर आणि त्याच्या दोन बायकांवर तुटून पडलेले. ही लिहायची हॉटेलची कोठी सांभाळणाऱ्या स्टोअरवाल्यावर. त्या बिचाऱ्याला अख्ख्या मालिकेत अकरा वाक्यं होती, त्यातली आठ ‘चावी माझ्याकडे आहे’ अशी. एक दिवस तो मालिकेतून नाहीसा झाला. नटाचं काही बिनसलं असेल, पण हॉटेलातल्या एकाही माणसाने ‘अरे, आपला स्टोअरवाला कुठे गेला?’ म्हणून विचारलं नाही. या गोष्टीचा तिला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी तिने पहिली गोष्ट लिहिली. आता चौसष्ट झाल्या होत्या. साइटवर तिचं नाव होतं ‘दुपारवाली’.

मध्ये साइटवाल्यांनी सगळ्या लेखकांना विचारलं होतं, तुम्ही का लिहिता? लोकांनी पानंच्या पानं भरली. हिने लिहिलं, ‘वेळ जातो.’ साफ खोटं. ती तेरा वर्षांची असताना तिचे बाबा सकाळी विजेचे मीटर वाचायला म्हणून घराबाहेर पडले ते परत आले नाहीत. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. महिनाभराने आईला एक पत्र आलं, ते आईने वाचलं आणि चुलीत घातलं असावं, कारण पुन्हा ते कोणाला दिसलं नाही. त्यांच्या घरातही कोणी मोठ्याने विचारलं नाही, माणूस कुठे गेला म्हणून. आणि आता तर बाबांचा चेहराही तिला धड आठवत नव्हता. आठवायच्या त्या त्यांच्या सवयी. त्या विसरायच्या आत तिने एकेक करून स्टोअरवाल्याला देऊन टाकल्या होत्या.

जेवायला बसण्याआधी बाबा घड्याळ काढून बुटात ठेवायचे, जाताना विसरू नये म्हणून. स्टोअरवालाही ठेवू लागला. बाबा कुलूप लावल्यावर आपल्याच बंद दारावर टकटक करून बघायचे, आत कोणी राहिलं तर नाही ना म्हणून. स्टोअरवालाही करू लागला. साइटवरच्या लोकांना हे भारी आवडलं. एकाने बुटातलं घड्याळ उचललं, मग दुसऱ्याने, आणि वर्षभरात अशी गत झाली की ज्याच्या त्याच्या गोष्टीत स्टोअरवाला घड्याळ बुटात ठेवतोय. त्या जगात अशी उचलाउचली चालते, कोणी रागावत नाही. ती रागवायची, पण मनातल्या मनात.

सगळ्यात जास्त राग ‘खिडकीपाशी’ नावाच्या एका लेखिकेचा. ही बया दोन वर्षांपूर्वी उगवली आणि तिनेही स्टोअरवालाच धरला. लिहायची चांगलं, हेच तर दुखणं. तिचा स्टोअरवाला म्हातारा असायचा, जिने चढताना मध्ये थांबायचा, ऐकू आलं नाही तरी मान डोलवायचा. पण घड्याळ बुटातच. ‘माझ्या जिवावर मोठी होतेय,’ असं म्हणत ती ‘खिडकीपाशी’ची प्रत्येक गोष्ट आल्या आल्या वाचायची.

एका सोमवारी तिने एका वरच्या कवळीचं प्लास्टर ओतलं, हात धुतले आणि ‘खिडकीपाशी’ची नवी गोष्ट उघडली. गोष्टीत स्टोअरमधला दिवा जातो. स्टोअरवाला स्टुलावर चढून बल्ब काढतो, त्याच्या बुडावर पेनाने लिहिलेली तारीख वाचतो, कारण प्रत्येक बल्ब लावताना तो तारीख लिहितो. मग बल्बला म्हणतो, ‘चांगली साथ दिलीस,’ आणि मगच टाकून देतो.

तिने तेवढा भाग पुन्हा वाचला. बल्बवरची तारीख तिने कधीच लिहिली नव्हती. चौसष्ट गोष्टींत कुठेच नाही. लिहिली नव्हती कारण तिला ती आठवलीच नव्हती. आत्ता, वाचताना आठवली. बाबा खुर्चीवर उभे, ती खाली खुर्ची धरून, आणि बाबांचं ते बल्बला शाबासकी देणं. ते ऐकून ती हसत सुटायची. साचा कधीच घट्ट झाला होता आणि ती फोन धरून बसली होती.

“ताई, झोपलात का?” पॉलिश करणारे काका मशीनवरून ओरडले.

तिने काकांकडे रोखून पाहिलं. सतरा वर्षं शेजारी बसणारा माणूस, आपण काय बोललो असू याच्यापुढे? पण काकांना क्रिकेटच्या मॅचशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. फोनवर स्कोअर बघतानासुद्धा त्यांना चष्मा लागायचा आणि तो सापडायचा नाही. काका बाद.

मग नवरा. एका बस कंपनीत वेळापत्रकं बनवणारा हा माणूस स्वतः मात्र कधीच वेळेवर येत नसे. त्या दिवशी आला तेव्हा ती दारातच उभी.

“माझे बाबा बल्बवर तारीख लिहायचे, हे मी तुला कधी सांगितलं होतं?”

“मला बल्बचं काय विचारतेस? बाथरूमचा महिनाभर गेलाय, तो लावला का मी?”

“विषय बदलू नकोस. साइटवर तू लिहितोस का दुसऱ्या नावाने?”

तो बुटाची नाडी सोडता सोडता थांबला. “मी तुझ्या गोष्टी वाचत नाही म्हणून रुसतेस, आणि आता मीच लिहितो म्हणतेस. एक काय ते ठरव.” आणि आत गेला. त्याचं बोलणं खरं वाटत होतं. पण संशय एकदा घरात शिरला की खऱ्या बोलण्यालाही वास येतो. तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याचा फोन तपासला. बसच्या वेळा, बसच्या वेळा आणि पुन्हा बसच्या वेळा.

राहिली आई. आई दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. बुधवारी कामावरून सुटल्यावर ती आईकडे गेली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, बाबा बल्बवर काय लिहायचे गं?”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातल्या टॉवेलची घडी घालून झाली, मग ती मोडून तिने पुन्हा घातली.

“कसले बल्ब?”

“तारीख लिहायचे ना?”

“मला नाही आठवत. आणि त्या माणसाचा विषय तू कशाला काढतेस आता? सव्वीस वर्षांत मी कधी काढला?”

“पत्रात काय होतं?”

“काही नव्हतं,” आई म्हणाली आणि टॉवेल कपाटात ठेवायला उठली. तो ठेवायला तिला फार वेळ लागला. इथे पाणी मुरतंय, एवढं तिला नक्की कळलं. पण आईच्या फोनवर हवामानाशिवाय दुसरं काही उघडत नसे, आणि तेही लेक शेजारी असली तर. आई लिहिणारी नव्हती. मग कोण?

आपल्या डोक्यातून कोणीतरी वस्तू काढून नेतंय, असं तिला वाटायला लागलं. घड्याळ नेलं, टकटक नेली, ते निदान तिने उघड्यावर ठेवलं होतं. बल्ब तर कपाटाच्या तळाशी होता. बाबांचं म्हणून तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? फोटो आईने ठेवले नव्हते. या पाच-सहा सवयी गेल्या की बाबा गेलेच.

तेव्हा तिने सापळा लावला. चोराला उघडं पाडायचं तर खोटा माल मांडायचा, एवढी अक्कल मालिका बघून कोणालाही येते. पासष्टाव्या गोष्टीत तिने स्टोअरवाल्याला शिट्टी दिली. जिना उतरताना तो मजेत शिट्टी वाजवतो, अशी की खालच्या मजल्यावरचे नोकर सावध होतात. हे मुद्दाम, कारण तिच्या बाबांना शिट्टी येतच नव्हती. आता ‘खिडकीपाशी’ने शिट्टी उचलली की झालं, बल्बचा योगायोग म्हणायचा, भुरटी चोर म्हणून सोडून द्यायचं. गोष्ट साइटवर टाकून तिने चार दिवस बाकी काही लिहिलं नाही. प्लास्टर ओतायची आणि बघत बसायची.

आठवडा व्हायच्या आत तीन जणांच्या गोष्टींत स्टोअरवाला शिट्टी वाजवू लागला. एकाने तर त्याला दोन बोटं तोंडात घालायला लावली. ‘खिडकीपाशी’ची नवी गोष्ट आली नाही. तिच्याऐवजी पासष्टाव्या गोष्टीखाली तिचा अभिप्राय आला. तिचा हा पहिलाच.

‘बाकी छान आहे. पण शिट्टी चुकली. त्याला शिट्टी कधीच आली नाही, नुसती हवा जायची. त्याच्या मुलीला यायची.’

मालिकेतल्या स्टोअरवाल्याला मुलगी नव्हती. बायको नव्हती, घर नव्हतं, नावसुद्धा नव्हतं. तिने चारदा वाचलं. दोन्ही हात प्लास्टरने पांढरे, फोनवर बोटांचे ठसे उठलेले. जिन्यात बसून बाबांना शिट्टी शिकवणारी, त्यांचे फुगलेले गाल बघून लोळणारी मुलगी, ही गोष्ट जगात तीन माणसांना माहीत होती. त्यातली एक ती, एक तिची आई.

तिने साइटवरून खाजगी निरोप पाठवला. खूप काही लिहिलं आणि पुसलं. शेवटी राहिलं ते एवढंच: ‘तुम्ही कोण?’

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि नेमकं तेव्हाच एका डॉक्टरांचं तातडीचं माप येऊन पडलं. तिने आधी माप भरलं. पहिल्या खेपेला प्लास्टरमध्ये बुडबुडे राहिले, म्हणून तिने ते दोनदा ओतलं. मग स्टुलावर बसली.

‘मी त्यांची मुलगी,’ निरोपात होतं. ‘दुसरी. बावीस वर्षांची आहे. तुमच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं, खरंच सांगते. बाबा ती मालिका बघायचे. स्टोअरवाला गायब झाला तेव्हा ते इतके चिडले की मी नेटवर शोधायला बसले, पुढे त्याचं काय झालं म्हणून. तिथे तुमच्या गोष्टी सापडल्या. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवते. घड्याळ बुटात ठेवलेलं आलं तेव्हा त्यांनी तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. आमच्या घरी ते रोज बुटात असतं, मला वाटलं त्याची त्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पुढची वाच. त्यांना सगळ्या पाठ आहेत. नवी यायला उशीर झाला तर जेवत नाहीत नीट. तेवढ्या वेळासाठी काहीतरी हवं, म्हणून मी माझ्या लिहायला लागले.

‘शिट्टीची गोष्ट वाचली तेव्हा मात्र रागावले. म्हणाले, तिला कळव, चुकलं म्हणून. कोणाला कळवू, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी तुमच्याबद्दल सांगितलं. या गोष्टी तुम्हीच लिहिताय, हे पहिल्या वाचनापासून त्यांना माहीत होतं. अजून काही लिहू का, असंही मी विचारलं. ते म्हणाले, नको, तेवढंच.’

तिने फोन मांडीवर उपडा ठेवला. मग सुलटा केला आणि पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द, डाव कुठे आहे ते शोधत. डाव नव्हता. बाबा जिवंत होते. निदान दोन वर्षं रोज तिचं ऐकत होते. ती पोटातलं एकेक काढून मांडत होती आणि ते तिकडे खुर्चीत बसून ऐकत होते, मान डोलवत होते, पुढची वाच म्हणत होते. आणि सव्वीस वर्षांनी या माणसाला तोंड उघडावंसं वाटलं ते कशासाठी, तर तपशील चुकला म्हणून!

तिला रडू आलं आणि त्याचा आणखी राग आला. तिने ते काकांपासून लपवलंही नाही. काकांनी मशीन बंद केलं आणि पाण्याचा ग्लास तिच्या स्टुलाशी ठेवून परत गेले. या वेळी तिला त्यांचासुद्धा संशय आला नाही.

त्या मुलीला काय लिहावं? तिचा काय दोष? बावीस वर्षांची पोर, तिलाही आठवडाभरापूर्वीच कळलेलं. प्लास्टर घट्ट व्हायला अजून वीस मिनिटं होती. तिला दोन लागली. तिने घराचा पत्ता लिहिला, मजला लिहिला, लिफ्ट नाही हेही लिहिलं. आणि खाली एक ओळ टाकली:

‘त्यांना म्हणावं, चुका काढायच्या असतील तर स्वतः येऊन काढा.’