मुकी नवरी

"दादा, मला आवाज नसलेला कॉम्प्युटर बांधायचाय."

वाशीच्या त्या दुकानात काउंटरमागे बसलेल्या अभयला माझी दया आली. "मॅडम, स्पीकर वेगळे घ्यायचे असतात. साउंड तर बोर्डातच येतो, तो काढता नाही येत."

"तो नाही हो. घरघर. पंख्याची घरघर नको."

"मग तसं बोला ना!"

तसंच बोलले होते. पण आपल्या भाषेला ही खोडच आहे. गळ्यातून येतो तोही आवाज, मिक्सरमधून येतो तोही आवाज. याच एका शब्दापायी माझी आत्या माझ्यावर रुसून बसली होती.

पुतळा आत्या तळवलीची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवला गाते, तसतसं लग्न पुढे सरकतं. पाट मांडा, दिवा लावा, नवरीला हळद लावा, सगळं ती गाण्यातूनच सांगते. कोणी चुकलं तरी थांबत नाही. चूक गाण्यातच घेते, आणि चुकणाऱ्याची इज्जतही. पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता गळा. आता हळदीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि त्याच भिंतींपुढच्या स्टेजवरून पुढारी ओरडतात, संस्कृती जपा! घंटा जपतात. मी जपा-बिपा म्हणत नाही. मी रेकॉर्ड करते.

आत्याला पहिल्यांदा गायला बसवलं तेव्हा माझा जुना टॉवर, म्हणजे कॉम्प्युटरचा उभा डबा, टेबलाखाली होता. काम वाढलं की तो तापायचा, तापला की पंखा चढायचा, आणि पंख्याबरोबर आत्याही चढायची. एकटीने गाणाऱ्या बाईला सूर द्यायला कोण असतं? कानावर जो पडेल तो ती नकळत धरते. अर्ध्या धवल्यात तिचा गळा फाटायला आला. मी वैतागून ओरडले, "हा आवाज नकोय गं मला!"

मी टॉवरला म्हणाले. आत्याला वाटलं, तिला.

"आवाज नको तं धवलारनीला कशाला बोलावलंस? मुकीला बोलाव!" म्हणून ती चपला घालून निघून गेली.

आईने मध्यस्थी केली तेव्हा कुठे निरोप आला. "एकदाच येन. पयल्यापासून शेवटपरत गान. मधी तुजा डबा बोलला, नायतर बंद पडला, तं परत तोंड उघडनार नाय."

आत्याचं नाही म्हणजे नाही. आणि त्या धवल्याची शेवटची कडवी आता गावात तिच्याशिवाय कोणालाही येत नाहीत. म्हणजे मला एकच संधी.

"फोनवर कर ना, कशाला टेन्शन घेतेस?" माझा भाऊ मितेश म्हणाला. फोन म्हणजे अतिशहाणं प्रकरण. आत्याने लांबवलेला सूर त्याला गोंगाट वाटतो. तो कापून टाकतो आणि वर म्हणतो, साफ केला. त्याला कोणी विचारलं होतं?

म्हणून मी वाशीला उभी होते. अभयने चारी बाजूंनी काच असलेला, आत रंगीत दिवे नाचणारा डबा पुढे ओढला. "हा घ्या. लिक्विड कूलिंग. पाण्याने थंड होतो, एकदम सायलेंट."

"पाणी फिरवायला पंप लागतो ना? पंप गुणगुणतो."

"अगदी थोडा."

"थोडा माझ्या आत्याला पुरतो. आणि काचेतून हवा कुठून आत जाणार? मला जाळीचा डबा हवा. छोटा. उद्या शिरवण्याला, नावड्याला कोणी म्हातारी गाणारी निघाली, तर पिशवीत घालून नेता आला पाहिजे."

"छोट्या डब्यात ग्राफिक कार्डला जागा नाही राहणार, मॅडम."

"नकोच. मी गाणं रेकॉर्ड करतेय, युद्धाचे गेम नाही खेळत."

मग तो मी सांगेन तशी एकेक वस्तू काढत गेला. मी हे कुठल्या क्लासात शिकले नाही. उघडून, जाळून, शिव्या खाऊन शिकले. छोटा पंखा गरागरा फिरतो आणि किंचाळतो, मोठा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. म्हणून झाकणाखाली बरोब्बर बसेल असा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा बुटका, पसरट हीटसिंक घेतला आणि त्यावर ताटलीएवढा पंखा. प्रोसेसर साधा, कमी वीज खाणारा. हार्ड डिस्क नाही, कारण ती फिरते आणि कुरकुरते; तिच्या जागी न फिरणारी एसएसडी. पॉवर सप्लाय असा, की काम हलकं असेल तोवर त्याचा पंखा जागाच होत नाही.

घरी येऊन जोडलं आणि वर एक धाडस केलं. पंख्याचा वेग एकाच ठिकाणी बांधून टाकला, ऐकूच येणार नाही इतका खाली. कितीही तापलं तरी तो चढणार नाही. प्रोसेसरने स्वतःच दमाने घ्यायचं. त्याच्याही पलीकडे तापला, तर मशीन बंद पडेल.

"रिस्क आहे," मितेश म्हणाला.

"हिशोब आहे," मी म्हणाले. दिवसभर चालवून पाहिलं होतं. नीट कोमट राहिला.

ठरल्या दिवशी आत्या दुपारी आली. भाडेकरूंच्या चाळीवर चढवलेली माझी एवढीशी खोली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, छताचा पंखा बंद, आत्या पाटावर. तिच्या गुडघ्याशी स्टुलावर डबा आणि पलीकडे भिंतीला टेकून स्क्रीनसमोर मी.

"चालू कर गो."

"चालू हाय, आत्या."

"खोटं नको बोलूस." तिने डब्याला कान लावला. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "मुकीला आनलंस खरी!"

मी माइकचा स्टँड खालीवर करत होते, तेवढ्यात आई चहा ठेवून दारात जाऊन उभी राहिली. आत्याने डोळे मिटले आणि धवला उचलला. मीही डोळे मिटले. सूर जिथे धरला तिथेच होता, दोरीसारखा ताठ. कोणी त्याला वर ओढत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर तापमानाचा आकडा चढत होता. असा चढायला नको होता. मी मान वळवून डब्याकडे पाहिलं.

डब्यावर कव्हर.

लोकरीचं, क्रोशाचं, खाली इलॅस्टिक घातलेलं. आमच्या घरात नवी वस्तू उघडी राहत नाही. मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. आईने मुद्दाम विणलं होतं आणि चहा ठेवता ठेवता प्रेमाने चढवलं होतं. डबा ना घरघरत होता, ना चमकत होता. बंद आहे असंच तिला वाटलं. मीच त्याला इतका गप्प केला होता.

उठले तर आत्याला ओलांडावं लागणार. बोलले तर माइकमध्ये जाणार. मी दारातल्या आईला हाताने खूण केली: गरम, गरम! आईला कळलं. ती लगबगीने छताच्या पंख्याच्या बटणाकडे निघाली.

मी दोन्ही हात हलवले, मान हलवली, तोंड वेडंवाकडं केलं. आई बटणावर बोट ठेवून थिजली. आकडा नव्वदीला टेकला. हिशोब माझा पक्का होता, पण हिशोबात लोकर नव्हती.

डब्याची झळ आत्याच्या गुडघ्याला लागली असावी. तिने डोळे उघडले. डबा पाहिला, माझं माकडासारखं तोंड पाहिलं, बटणापाशी गोठलेली भावजय पाहिली. आणि सूर न सोडता, त्याच चालीत, पुढची ओळ आली:

"मुकी नवरी गो घामान भिजली,
वयनीबाय, डोईचा पदर सारा गो,
तिला वारा लागू दे, वारा…"

आई आयुष्यभर धवले ऐकत आलेली बाई. गाण्यातून हुकूम आला की पाळायचा, हे तिच्या अंगातच आहे. तिने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या, अनवाणी पुढे आली, वाकली आणि खरोखर नवरीचा पदर सारावा तसं कव्हर वर उचललं. आत्याने मान डोलावली आणि जुन्या कडव्यावर परत गेली, जशी काही ती ओळ तिथे कायमचीच होती.

आकडा थोडा वेळ अडून बसला, मग उतरू लागला. पंखा तसूभरही चढला नाही. आत्याही नाही. शेवटची कडवी आली, सगळी आली.

"आला काय आवाज?" गार झालेला चहा ओठाला लावत आत्याने विचारलं.

"आला."

संध्याकाळी मितेशने हेडफोन लावून ऐकलं. "ती पदराची ओळ कापून टाक. मूळ धवल्यात कुठंय ती?"

"हात तर लाव," मी म्हणाले. "हात तोडीन."

आत्या चपला शोधत होती. "शिरवन्याला माजी मैत्रीन हाय. गला अजून खनखनीत हाय तिचा. बांध तुजी नवरी पिशवीत."

"कव्हर घालून ने," आई आतून ओरडली. "रस्त्याची धूल लय वाईट!"

"घालते गं," मी म्हणाले. "बंद असताना."